अमेरिकेत युनियन आवडते सगळ्यांना, मग ती असते कुठे?

माझी ताई न्यू जर्सीत एका देशी किराणा दुकानात काम करते. तिच्याकडे राहायला गेले होते तेव्हा एकदा ती डबा घरीच विसरली म्हणून द्यायला गेले. दुकानाच्या मागच्या खोलीत एका बाजूला तांदळाच्या पोत्यांची थप्पी, दुसऱ्या बाजूला मायक्रोवेव्ह, आणि त्याच्या वर भिंतीवर एक भलंमोठं लॅमिनेट केलेलं पोस्टर, वाफेने खालचा कोपरा सुटून आलेला. कामगारांचे हक्क त्यावर बारीक अक्षरात लिहिलेले असतात, असं पोस्टर लावणं तिकडे सक्तीचं आहे. केंद्राचं किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर, जे २००९ पासून एका सेंटने वाढलेलं नाही, राज्याचं त्याच्या दुपटीहून जास्त, मग ओव्हरटाइम, सेफ्टी वगैरे. आणि खाली एक ओळ पगारी आजारी रजेची. न्यू जर्सीत २०१८ पासून दर ३० तास कामामागे १ तास पगारी आजारी रजा मिळते, वर्षाला ४० तासांपर्यंत. ताई तीन वर्षं रोज त्या पोस्टरसमोर उभी राहून डबा गरम करते आणि ती ओळ तिने त्या दिवशी पहिल्यांदा वाचली. मालकाने कधी सांगितलंच नव्हतं. मागच्या हिवाळ्यात ती अंगात ताप असताना काउंटरवर उभी होती, कारण घरी बसलं तर पगार जाईल असं तिला वाटत होतं.

मी ते पोस्टर वरपासून खालपर्यंत वाचलं, त्यात युनियन हा शब्द कुठेच नव्हता. नंतर शोधलं तेव्हा कळलं की २०११ मध्ये सरकारच्या कामगार-विषयक बोर्डाने नियम केला होता, की युनियन करायचा हक्क आहे हे प्रत्येक मालकाने भिंतीवर लावायचं, पण मालकांच्या संघटना कोर्टात गेल्या आणि २०१३ मध्ये तो नियम रद्द झाला. म्हणजे हक्क १९३५ पासून आहे पण साध्या खाजगी दुकानात तो सांगायची सक्ती नाही.

आता हे आकडे बघा. गॅलप या जनमत पाहणी संस्थेच्या २०२४ च्या पाहणीत ७० टक्के अमेरिकन लोकांनी युनियन चांगल्या आहेत असं सांगितलं. त्याच वर्षी प्रत्यक्ष युनियनमध्ये असलेले कामगार ९.९ टक्के, आणि खाजगी क्षेत्र तेवढंच बघितलं तर ५.९ टक्के. इतक्या लोकांना हवी असलेली गोष्ट इतक्या कमी लोकांना का मिळते, हे समजलं की तिकडच्या संपांच्या, लेऑफच्या आणि निवडणुकांच्या अर्ध्या बातम्या आपोआप कळायला लागतात.

सुरुवात नोकरीपासून : ॲट-विल

ॲट-विल म्हणजे मर्जीवरची नोकरी. मालक कोणत्याही कारणाने किंवा काहीही कारण न देता तुम्हाला आजच्या आज काढू शकतो आणि तुम्हीही तसेच सोडून जाऊ शकता. मॉन्टाना हे एक राज्य सोडलं तर सगळीकडे हाच मूळ नियम. अपवाद आहेत, म्हणजे वंश, धर्म, लिंग, वय यावरून काढता येत नाही, युनियनचं काम केलं म्हणूनही काढता येत नाही, पण कारण सांगायचंच नसेल तर खरं कारण काय होतं हे सिद्ध करायचं ओझं कामगारावर येतं.

आपल्याकडे कायद्याच्या पुस्तकात तरी कपात करताना कामगाराला एक महिन्याची नोटीस आणि नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा पगार आहे. तिकडे देशभर लागू असं काही नाही. मोठ्या कंपनीने एकदम खूप लोक काढले किंवा प्लांट बंद केला तर ६० दिवस आधी सांगायचं असा १९८८ चा एक कायदा आहे, तोही १०० किंवा जास्त कामगार असलेल्या कंपन्यांपुरता.

लोक म्हणतात, पण हे तर दोन्ही बाजूंना सारखंच आहे की. ॲग्रीमेंट नसलेलं भाड्याचं घर डोळ्यासमोर आणा. घरमालक सकाळी येऊन म्हणाला सामान उचला, तर उचलायचं. तुम्हीही हवं तेव्हा सोडू शकता हे खरं, पण घर सुटलं की रस्त्यावर तुम्ही येता, त्याला फक्त दुसरा भाडेकरू शोधायचा असतो.

आणि इन्शुरन्सही मालकाच्याच हातात

अमेरिकेत जवळपास निम्म्या लोकांचा हेल्थ इन्शुरन्स नोकरीतून येतो. हे कोणी विचार करून ठरवलं नव्हतं, दुसऱ्या महायुद्धात १९४२ ला सरकारने पगारवाढ गोठवली तेव्हा कंपन्या कामगार खेचायला पगाराऐवजी इन्शुरन्स द्यायला लागल्या, मग त्यावर टॅक्सची सूट मिळाली आणि तीच पद्धत पक्की झाली. २०२४ मध्ये नोकरीतून मिळणाऱ्या फॅमिली इन्शुरन्सचा सरासरी वार्षिक हप्ता २५ हजार डॉलरच्या वर होता, त्यातले साधारण सव्वासहा हजार कामगार भरतो आणि बाकीचे कंपनी. नोकरी गेली की तोच इन्शुरन्स काही महिने चालू ठेवता येतो, पण मग पूर्ण हप्ता स्वतःच्या खिशातून, आणि तोही पगार बंद झालेला असताना.

ज्याच्या घरी डायबेटिस आहे, लहान मूल आहे, बायकोचे दिवस भरत आलेत, त्याने युनियनच्या कागदावर सही करायची म्हणजे तो नेमकं काय पणाला लावतो हे यावरून कळेल. पुढचं सगळं या भीतीवर उभं आहे.

युनियन करायची म्हणजे नक्की काय करायचं

निदान ३० टक्के कामगारांनी कार्डावर सह्या करायच्या, त्या घेऊन नॅशनल लेबर रिलेशन्स बोर्डाकडे जायचं (यापुढे नुसतं बोर्ड म्हणते), बोर्ड गुप्त मतदान घेतं, आणि झालेल्या मतांत बहुमत मिळालं की युनियन झाली. ऐकायला सोपं आहे, पण मतदान होतं एकेका जागेपुरतं. स्टारबक्सची स्वतः चालवलेली अमेरिकेत दहा हजारांच्या आसपास दुकानं आहेत, त्यातलं बफेलो शहरातलं एल्मवूड ॲव्हेन्यूवरचं एक दुकान डिसेंबर २०२१ मध्ये १९ विरुद्ध ८ मतांनी युनियनचं झालं आणि ती जगभर बातमी झाली. सत्तावीस मतं! आपल्या एखाद्या छोट्या सोसायटीच्या कमिटीला याहून जास्त मतदान होतं. आता पाचशेच्या वर दुकानं युनियनमध्ये आली आहेत, प्रत्येकाने आपापलं वेगळं मतदान करून.

सह्या सुरू झाल्यापासून मतदानापर्यंतचे दिवस सगळ्यात अवघड. कंपन्या युनियन मोडायचे सल्लागार भाड्याने आणतात, तो तिकडे रीतसर धंदा आहे. कामाच्या वेळेत सगळ्यांना बसवून युनियनने तुमचं कसं नुकसान होईल ते ऐकवायच्या सक्तीच्या मीटिंगा होतात, सात दशकांहून जास्त काळ त्या कायदेशीर होत्या आणि २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये कुठे बोर्डाने त्या बेकायदा ठरवल्या. युनियनचा माणूस मात्र बाहेर पार्किंगमध्ये किंवा बस स्टॉपवर उभा राहून बोलणार. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरच्या ॲमेझॉनच्या वेअरहाउसमध्ये हेच झालं. ख्रिस स्मॉल्स नावाचा कामगार, २०२० च्या मार्चमध्ये कोविडच्या सेफ्टीवरून वॉकआउट केला आणि त्याला काढून टाकलं. मग तो आणि त्याचे साथीदार बस स्टॉपवर तंबू ठोकून, जेवण वाटून, एकेकाशी बोलून सह्या गोळा करत राहिले आणि १ एप्रिल २०२२ ला निकाल आला, २,६५४ विरुद्ध २,१३१. ॲमेझॉनमध्ये अमेरिकेतली पहिली युनियन, मागे कुठलीही मोठी संघटना नसताना.

जिंकलो, पुढे काय?

पुढे करार. पगार किती, शिफ्टचे तास कसे, काढायचं तर कोणत्या कारणाने, हे सगळं लिहून दोघांनी सह्या केल्या तर युनियनचा उपयोग. आणि इथे कायदा फक्त एवढंच म्हणतो की कंपनीने सद्भावनेने वाटाघाटी करायच्या, करार करायलाच हवा असं कुठेच म्हणत नाही. तुम्ही प्रस्ताव द्या, कंपनी नाही म्हणेल, पुढची तारीख महिन्याने, त्या दिवशी वकील बदललेला. पहिला करार व्हायला सरासरी वर्षाहून जास्त लागतं. बफेलोच्या दुकानाने २०२१ मध्ये मतदान जिंकलं, २०२५ संपलं तरी स्टारबक्सच्या कामगारांकडे पहिला करार नव्हता. स्टेटन आयलंडलाही नाही.

अशा दुकानांत माणसं टिकत नाहीत, कोणी कॉलेज संपवतं, कोणाला दुसरीकडे नोकरी लागते. ज्यांनी मतदान जिंकलं ते दोन वर्षांत निघून जातात आणि नवीन येणाऱ्याला हे सगळं कशासाठी केलं होतं हेच माहीत नसतं. कंपनीला फक्त थांबायचं असतं, आणि थांबायचे पैसे तिच्याकडे आहेत.

पण कंपनीने कायदा मोडला तर शिक्षा होत असेलच ना?

मलाही असंच वाटत होतं, म्हणून इथे जरा हिशोब मांडते.

समजा एका मुलीला तासाला १५ डॉलर मिळतात, आठवड्याला ४० तास, म्हणजे महिन्याला (चार आठवडे धरून) २,४०० डॉलर. ती सह्या गोळा करत होती म्हणून तिला काढलं. ती बोर्डाकडे गेली, चौकशी, सुनावणी, अपील. घरभाडं थांबत नाही म्हणून तिने मध्ये दुसरी नोकरी धरली, तासाला १३ डॉलरची, महिन्याला २,०८०. दहा महिन्यांनी ती केस जिंकली. तिला मिळणार बुडालेला पगार, पण त्यातून तिने मधल्या काळात जे कमावलं ते वजा. महिन्याला ३२० डॉलर, दहा महिन्यांचे ३,२००, वर व्याज. नोकरीवर परत घ्यायचं आणि भिंतीवर एक नोटीस लावायची की आम्ही पुन्हा असं करणार नाही. दंड? या कायद्यात दंडच नाही. सिग्नल तोडला तर पोलीस पावती फाडतो, इथे १९३५ पासून तेवढीही पावती नाही.

आणि त्या दहा महिन्यांत दुकानातल्या बाकीच्यांनी काय बघितलं? जी पुढे झाली होती ती गेली. ३,२०० डॉलरमध्ये कंपनीला हे मिळत असेल तर कायदा मोडणं तिला परवडतं, आणि माझ्या मते या सगळ्या गोष्टीतली सगळ्यात मोठी चीड यायची जागा हीच आहे.

मग संप करावा

करता येतो, हक्क आहे. पण पगारवाढीसाठी संप केला तर संपकऱ्यांच्या जागी कायमचे दुसरे कामगार घेता येतात, हे सुप्रीम कोर्टाने १९३८ मध्येच सांगून ठेवलंय. म्हणजे काढून टाकता येत नाही पण तुमच्या जागेवर दुसरा बसवता येतो, जागा रिकामी झाली की तुम्हाला बोलावतील. ज्याच्या घरी चूल थंड होते त्याला या दोन्हीत काय फरक वाटणार.

बराच काळ कंपन्या हे फारसं वापरत नव्हत्या. मग ऑगस्ट १९८१ मध्ये विमानतळांवरच्या एअर ट्रॅफिक कंट्रोलर्सनी संप केला. ते सरकारी नोकर, त्यांना संपाची बंदीच होती, आणि रेगननी ४८ तासांची मुदत देऊन अकरा हजारांहून जास्त लोक घरी पाठवले. या युनियनने आदल्या वर्षी निवडणुकीत रेगनलाच पाठिंबा दिला होता. देशाचा अध्यक्ष असं करतो म्हटल्यावर खाजगी मालकांचीही भीड चेपली आणि पुढच्या काही वर्षांत मोठे संप एकदम घटले.

तरी संप जिंकताही येतो. २०२३ च्या सप्टेंबरात युनायटेड ऑटो वर्कर्स या गाड्यांच्या कारखान्यांतल्या युनियनने फोर्ड, जनरल मोटर्स आणि स्टेलँटिस तिन्हींवर एकाच वेळी संप केला, सगळे प्लांट एकदम बंद न करता निवडक बंद करत, उद्या कुठला ते कंपनीला कळू न देता. सहा आठवड्यांत २५ टक्के पगारवाढ मिळाली, २०२८ पर्यंतच्या करारात टप्प्याटप्प्याने. आणि लगेच टोयोटा, होंडा, ह्युंदाई यांनी आपल्या अमेरिकेतल्या युनियन नसलेल्या प्लांटमध्येही पगार वाढवले.

कायदा असा लंगडा का राहिला

युनियनचा हक्क देणाऱ्या १९३५ च्या कायद्यात शेतमजूर आणि घरकाम करणाऱ्यांना मुळातच वगळलं होतं. तेव्हा दक्षिणेकडच्या राज्यांत ही कामं करणारे बरेचसे कृष्णवर्णीय होते आणि तिथल्या खासदारांच्या मतांशिवाय कायदा पास होत नव्हता. बाकीच्यांना मात्र त्याचा प्रचंड फायदा झाला, १९५० च्या दशकात जवळपास एक तृतीयांश कामगार युनियनमध्ये होते. पण त्याआधीच १९४७ मध्ये टाफ्ट-हार्टली कायदा आला, अध्यक्ष ट्रूमन यांनी नकाराधिकार वापरला तरी संसदेने तो ओलांडून पास केला. एका कारखान्याच्या संपाला दुसऱ्या कंपनीच्या कामगारांनी साथ द्यायची, माल उचलायचा नाही, यावर बंदी आली. सुपरवायझर कायद्याच्या संरक्षणाबाहेर गेले. आणि राज्यांना "राईट टू वर्क" कायदे करायची मुभा मिळाली.

"राईट टू वर्क" म्हणजे रोजगार हमी नव्हे

मराठी माणसाला हे नाव ऐकून रोजगार हमी आठवते, पण याचा कामाच्या हमीशी काही संबंध नाही. सोसायटीचं उदाहरण घ्या. वॉचमन, लिफ्ट, पाण्याची टाकी सगळ्या फ्लॅटना, पण मेंटेनन्स भरायचा की नाही ज्याची त्याची मर्जी. वर कमिटीवर सक्ती, की न भरणाऱ्याचं भांडणही तिनेच लढायचं. राईट टू वर्क राज्यात युनियनचं हेच होतं, करार सगळ्यांना लागू, वर्गणी ऐच्छिक. अशी २६ राज्यं आहेत. सरकारी कर्मचाऱ्यांना तर २०१८ पासून सुप्रीम कोर्टाच्या निकालाने देशभर हेच लागू झालं.

दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं की ज्या संघटनेचं राजकारण मला पटत नाही तिला मी पैसे का द्यावेत. हा मुद्दा मला खोटा वाटत नाही. पण राजकारणापुरता हिस्सा न द्यायची सोय १९८८ पासून आहेच, मग टाकी धुवायचे पैसे तरी भरावेत ना.

"युनियनमुळेच कारखाने बुडतात, आपल्या गिरण्या बघा"

हे आपल्या घराघरात ऐकायला मिळतं, म्हणून टाळत नाही. १९८२ च्या जानेवारीत दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईत अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले आणि बहुतेकांचं आयुष्य उद्ध्वस्त झालं हे खरं आहे. पण त्या संपात पगारासोबत एक मागणी अशी होती की आमची युनियन आम्हाला निवडू द्या, कारण कायद्याने मान्यता एकाच संघटनेला होती आणि कामगारांना ती नको होती. गिरण्या आधीपासून जुन्या मशीनवर चालत होत्या, पैसा दुसरीकडे वळत होता, आणि नंतर त्या जमिनींवर काय उभं राहिलं ते लोअर परळला उतरलात की दिसतं.

गाड्यांच्या कारखान्यांचं शहर डेट्रॉइट, त्याबद्दलही असंच बोलतात. तिथल्या युनियनकडून, म्हणजे त्याच युनायटेड ऑटो वर्कर्सकडून, चुका झाल्या, भ्रष्टाचारही झाला, तिचे दोन माजी अध्यक्ष तुरुंगात गेले, हे लपवायचं काही कारण नाही. पण जर्मनीत कारखान्यांमध्ये युनियन कितीतरी मजबूत आहे आणि तिथल्या गाड्या जगभर विकल्या गेल्या. जर्मनीच्याच फोक्सवॅगनच्या अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या प्लांटमध्ये कामगार २०१४ आणि २०१९ ला मतदान हरले आणि २०२४ ला २,६२८ विरुद्ध ९८५ असे जिंकले.

मग राजकारणी काय करतात?

बायडन २०२३ मध्ये मिशिगनला संपकऱ्यांच्या रांगेत जाऊन उभे राहिले, पदावर असताना असं करणारे ते पहिले अध्यक्ष. पण कायदा दुरुस्त करायचं विधेयक, ज्यात दंड होता, खालच्या सभागृहात दोनदा पास होऊनही सिनेटमध्ये अडकलं. ट्रम्प यांनी जानेवारी २०२५ मध्ये बोर्डाच्या एक सदस्य ग्विन विल्कॉक्स यांना मुदत संपायच्या आधी काढलं, पाचांच्या बोर्डात दोघंच उरले, निर्णयाला तीन लागतात. त्यामुळे २०२५ चे बरेच महिने देशातलं कामगारांचं हे सर्वोच्च दार उघडं असूनही आत निकाल देणारं कोणी नव्हतं.

मतदारांचं मात्र वेगळंच चाललंय. मिझुरीमध्ये २०२४ ला लोकांनी ट्रम्पना मोठ्या फरकाने निवडून दिलं आणि त्याच मतपत्रिकेवर १५ डॉलर किमान वेतन आणि पगारी आजारी रजेला ५७ टक्क्यांहून जास्त मतं दिली. पुढच्या वर्षी तिथल्या विधानसभेने आजारी रजेचा भाग रद्द करून टाकला. त्यामुळे अमेरिकन कामगार उजवीकडे गेला की डावीकडे या चर्चेत मला फार अर्थ वाटत नाही, रजा द्या म्हणून त्याने सरळ मत दिलं होतं, ते काढून घेतलं गेलं.

आपली एच-वन-बीवाली मुलं

आपल्याकडे वाटतं हे सगळं वेअरहाउसवाल्यांचं. पण एच-वन-बी या कामाच्या व्हिसावरची नोकरीसुद्धा ॲट-विलच असते. सकाळी लॅपटॉप लॉक झालेला दिसतो, आणि त्या दिवसापासून साधारण ६० दिवसांत दुसरी कंपनी शोधायची नाहीतर देश सोडायचा. मुलांची शाळा, गाडीचा हप्ता, इन्शुरन्स, सगळं त्या ६० दिवसांत. ग्रीन कार्डची रांग भारतीयांसाठी अनेक वर्षांची, कारण कुठल्याही एका देशाला ७ टक्क्यांच्या वर वाटा नाही. अमेरिकन कामगार म्हणतात ही मुलं आमचे पगार पाडतात. सोडून जाता येत नाही अशा माणसाला कमी पगारात आणि जास्त तास राबवता येतं, मग तो पुण्याचा असो की ओहायोचा.

दोघं मिळून बोलली तरी

१९३५ च्या त्या कायद्यातली एक गोष्ट तिकडे राहणाऱ्या बहुतेक मराठी लोकांना माहीत नाही, म्हणून मुद्दाम शेवटी ठेवली. त्याचं संरक्षण मिळायला युनियन असायलाच हवी असं नाही. दोन किंवा जास्त कामगार मिळून कामाच्या परिस्थितीबद्दल मालकाशी बोलले, तरी त्यांना त्यासाठी काढता येत नाही. आपापसात पगार किती हे विचारण्यावर कंपनीला बंदी घालता येत नाही, ऑफर लेटरमध्ये तसं लिहिलं असलं तरी. मॅनेजर-सुपरवायझर, सरकारी नोकर आणि अगदी छोटी दुकानं यातून बाहेर, पण एच-वन-बीवाले आत आहेत.

मी हे ताईला फोनवर सांगितलं. दंड नाही, बोर्डाची अवस्था काय आहे, तेही सांगितलं, कारण तिला अर्धवट धीर द्यायचा नव्हता. तिने बिलिंगवरच्या बाईंना आणि भाजी लावणाऱ्या मुलाला विचारलं, त्या दोघांनाही रजेचं माहीत नव्हतं. तिघं एका मंगळवारी दुपारी, गर्दी नसताना, मालकाकडे गेली आणि पोस्टरवरच्या त्या ओळीचा फोटो दाखवला. मालक म्हणाला अकाउंटंटला विचारून सांगतो. पुढच्या महिन्याच्या पगाराच्या स्लिपवर एक नवीन रकाना आला होता, आजारी रजा, शिल्लक १९ तास.